छाटणीआधी फुलाची जागा पाहा

उन्हाळ्याची चाहूल लागताच मोगऱ्याला कळ्या धरू लागतात. त्या भरपूर याव्यात म्हणून जानेवारीच्या सुमारास मोगरा छाटायचा, हे अनेकांना ठाऊक असते. काही वर्षांपूर्वी मीही तसे केले. कात्री हातात होतीच, म्हणून त्याच दिवशी कुंपणाजवळच्या पांढऱ्या चाफ्याचीही सगळी टोके कापून तो नीटनेटका केला. उन्हाळ्यात मोगरा फुलांनी लगडला. चाफ्याला मात्र पाने तेवढी आली. फुलांचा एकही गुच्छ आला नाही. दिवस तोच, कात्री तीच. मग परिणाम उलटा का?

याचे उत्तर फूल फांदीवर कोठे येते यात आहे. मोगऱ्याची फुले प्रामुख्याने नव्या फुटीच्या टोकाशी येतात, बहुधा तीन-तीनच्या झुबक्यांत. जितकी नवी फूट, तितकी फुले. फांदीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचे संप्रेरक तयार होते. ते खाली वाहत असेपर्यंत पानांच्या बेचक्यांतील डोळे सुप्त राहतात. शेंडा कापला की हा दाब उठतो. शिवाय शेंड्याकडे जाणारी साखर या डोळ्यांना मिळू लागते, असे २०१४ साली वाटाण्याच्या रोपांवर झालेल्या प्रयोगांतून दिसले. परिणामी एका फांदीच्या जागी अनेक फांद्या फुटतात.

चाफ्याचा गुच्छ येतो तो आधी वाढून पक्व झालेल्या जाड फांदीच्या टोकावर. मी कापली ती नेमकी हीच टोके! खालून नवे कोंब आले. पण त्यांना फुलण्याइतके पक्व व्हायला वेळ हवा होता. आंब्याचा मोहोरही पक्व डहाळ्यांच्या शेंड्यांवरच येतो. म्हणून त्याची छाटणी फळे उतरवल्यानंतर करतात.

यावरून बागेतील कामाचा साधा नियम मिळतो. फूल नव्या फुटीवर येत असेल, तर बहरापूर्वी छाटावे. जुन्या फांदीच्या टोकावर येत असेल, तर बहर किंवा फळे संपल्यावर.

शाळेत हे सहज दाखवता येईल. एकाच जातीच्या, सारख्या वाढीच्या मोगऱ्याच्या दोन कुंड्या घ्याव्यात. जानेवारीत एकीची छाटणी करावी, दुसरी तशीच ठेवावी. ऊन, पाणी आणि शेणखत दोन्हींना सारखे द्यावे. विद्यार्थ्यांनी दर आठवड्याला नव्या फुटी आणि पुढे कळ्या मोजून तक्ता करावा.

चाफ्याला तर कात्री लावण्याचीही गरज नाही. टोकाला गुच्छ आला की त्या फांदीची सरळ वाढ थांबते आणि खालून सहसा दोन-तीन फांद्या फुटतात. फुललेल्या फांदीला दोरा बांधून ठेवा आणि पुढे काय होते ते मुलांना पाहू द्या. जुन्या चाफ्याची बेचकी म्हणजे त्याच्या मागच्या बहरांची नोंदवहीच. ती वाचायला शिकलेले मूल माझ्यासारखी चूक करणार नाही.