थरथर थांबवणारी माणसं

हेलिकॉप्टरमधून मोबाइलवर व्हिडिओ काढून पाहा. इंजिनाचा कंप आणि वाऱ्याचे झोत यांत चित्र इतकं हलतं की पाहवत नाही. पडद्यावर मात्र कॅमेरा डोंगरकड्यांवरून घारीसारखा संथ तरंगतो. ही स्थिरता कॅमेरामनच्या हाताइतकीच इंजिनीअरच्या कागदावरच्या गणिताची असते.

फेब्रुवारी २०१८ मध्ये ऑस्करच्या तांत्रिक पुरस्कारांत एक पुणेकर नाव होतं : विकास साठ्ये. न्यूझीलंडमधल्या क्वीन्सटाउन इथे तयार झालेल्या 'शॉटओव्हर के-१' या हवाई कॅमेरा यंत्रणेसाठी चौघांना मिळून हा सन्मान मिळाला, त्यात ते होते. हेलिकॉप्टर किंचित कललं की जायरोस्कोप ते क्षणार्धात टिपतो आणि मोटर कॅमेऱ्याला तेवढंच उलट फिरवते. खरी अडचण कॅमेरा सरळ खाली रोखताना येते. तेव्हा साध्या यंत्रणेचे दोन अक्ष एका रेषेत येतात आणि कॅमेऱ्याला वळायला वाव उरत नाही. सहा अक्षांच्या या यंत्रणेत तो वाव मिळाला. दिग्दर्शकाला हवी ती चौकट मिळते आणि पायलटलाही हेलिकॉप्टर अधिक सुरक्षितपणे उडवता येतं.

डिजिटल सिनेमा अशाच माणसांनी पुढे नेला. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांच्या रंग-गाळणीचं पेटंट १९७६ चं. कॅमेऱ्याच्या सेन्सरला मुळात फक्त प्रकाशाची तीव्रता कळते, रंग कळत नाही. बायर यांनी दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा अशी मांडणी केली. हिरव्याला दुप्पट जागा दिली, कारण आपल्या डोळ्यालाही बारकावे हिरव्या छटेतच सर्वांत चांगले दिसतात. आज आपल्या खिशातल्या फोनपासून सिनेमाच्या कॅमेऱ्यापर्यंत बहुतेक सेन्सरांवर हीच मांडणी असते.

प्रयोगशाळेतलं काम असं सेटवर पोहोचतं, तेव्हा ते अंगावर घेणारा माणूसही लागतो. 'स्लमडॉग मिलेनिअर'साठी छायाचित्रकार अँथनी डॉड मँटल यांनी मुंबईच्या गल्लीबोळांत छोटा डिजिटल कॅमेरा हातात धरून पळणाऱ्या पोरांचा पाठलाग केला. फिल्मचा अवजड कॅमेरा तिथे शिरलाच नसता. २००९ मध्ये त्यांना छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं आणि डिजिटल चित्रणाला कमी लेखणाऱ्यांना उत्तर मिळालं.

आता या व्यवसायाच्या अनेक वाटा झाल्या आहेत. सेटवरचा 'डीआयटी', म्हणजे डिजिटल इमेजिंग टेक्निशियन, दिवसभराचं फुटेज उतरवतो, एकाहून अधिक प्रती करतो आणि प्रत्येक प्रत मूळ फाइलशी ताडून पाहतो. त्याची नजर चुकली आणि कार्ड पुसलं गेलं, तर शेकडो लोकांचा दिवस वाया जातो. कलरिस्ट सकाळी आणि दुपारी घेतलेले शॉट एकाच वेळेचे वाटतील असे रंग जुळवतो. कम्पोझिटर वेगवेगळी चित्रं एकावर एक बसवून एक दृश्य घडवतो. आणि कुणीतरी या साऱ्यांची साधनं बनवतं. अॅनिमेशनपटाचे तुकडे तपासण्याच्या ड्रीमवर्क्स स्टुडिओच्या यंत्रणेसाठी भारतीय वंशाच्या राहुल ठक्कर यांना २०१६ मध्ये असाच तांत्रिक ऑस्कर मिळाला.

सिनेमात जायचं म्हटलं की आपल्या घरांत अजूनही नट किंवा दिग्दर्शक एवढंच डोळ्यांपुढे येतं आणि आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. पण पदार्थविज्ञान, गणित, इन्स्ट्रुमेंटेशन यांत रमणाऱ्या मुलामुलींचीही सिनेमाला तितकीच गरज आहे. दादासाहेब फाळके पडद्यावरची कथा रचत होते, तसे स्वतः कॅमेरा चालवत होते आणि फिल्म धूतही होते. कला आणि यंत्र यांची फारकत त्यांनी कधी केली नाही. आपणही ती करू नये. तुमच्या घरातलं पोर कॅमेरा उघडून आतला स्क्रू फिरवत बसलं असेल, तर त्याला रागावू नका. स्क्रू ड्रायव्हर द्या आणि शेजारी बसा.