सूक्ष्मजीवांच्या जगात – लेखांक ६ : टोमॅटोचं दुखणं माणसाला का लागत नाही?

येडगाव धरणाच्या आसपास टोमॅटोचा विषय काढा, कुणीतरी 2020 चा मे महिना काढणारच. कोरोनाची टाळेबंदी चालू, आणि झाडावर फळं रंग धरेनात. कुठे पिवळा चट्टा, कुठे हिरवा, कुठे लाल. लोकांनी नाव ठेवलं ‘तिरंगा’. नमुने बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले. तिथे काकडी मोझॅक विषाणू सापडला, जोडीला इतरही काही. तोवर ‘टोमॅटोतून माणसाला रोग होतो’ अशी आवई उठली होती. विषाणू या शब्दाचीच तेव्हा दहशत होती म्हणा.

आवई खोटी का, ते पाहू. हा विषाणू सुमारे 29 नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरवर ओळीनं तीस हजारांहून जास्त बसतील. त्याला स्वतःचं खाणंपिणं नाही, श्वास नाही. असतो तो फक्त ‘माझ्यासारखे आणखी बनवा’ असा निरोप, प्रथिनाच्या डबीत बंद. माणसाला आजारी पाडणाऱ्या विषाणूंच्या अंगावर आपल्या पेशीचं कुलूप उघडणारी किल्ली असते. याच्याकडे ती नाही. वनस्पतीच्या पेशीभोवतीची जाड भिंतसुद्धा त्याला स्वतःहून ओलांडता येत नाही. बहुतेकदा मावा सोंड खुपसतो तेव्हा हा आत शिरतो. टोमॅटोबरोबर पोटात गेला तरी तिथे त्याचं काही चालत नाही. 2006 साली संशोधकांनी माणसाच्या विष्ठेतले आरएनए प्रकारचे विषाणू तपासले, तर सर्वात जास्त मिरचीवरचा निघाला. खाल्लेल्या मिरचीबरोबर आला आणि तसाच बाहेर पडला!

‘स्ट्रेप्टो’ मारून तिरंगा का जात नाही, हे कोडंही इथेच सुटतं. स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूचा प्रथिनं बनवण्याचा कारखाना बंद पाडतं. जिवाणू ही पुरी पेशी, तिचा कारखाना तिच्यापाशी. विषाणूला कारखानाच नाही. तो टोमॅटोचा वापरतो. मग औषधानं बंद काय पाडायचं? सर्दीला अँटिबायोटिकची गोळी घेणाऱ्याचा पैसाही असाच जातो.

झाडही गप्प बसत नाही. त्याला रक्त नाही, पांढऱ्या पेशी नाहीत, त्यामुळे प्रत्येक पेशीला आपापली राखण करावी लागते. विषाणूचा निरोप ओळखून पेशी त्याचे बारीक तुकडे करते आणि त्याच तुकड्यांच्या नमुन्यानं पुढचे निरोप शोधून कापते. काकडी मोझॅक मात्र पक्का. ही कातरच बोथट करणारं एक प्रथिन तो बनवतो.

राहिला मावा. तो रोगट पानाला नुसती सोंड लावून पाहतो, तेवढ्यात विषाणू सोंडेला चिकटतो आणि पुढच्या झाडावर तितक्याच झटपट उतरतो. फवारणीनं मावा मरतो खरा, पण बहुधा काम उरकून. म्हणून रोपवाटिकेला जाळी लावायची आणि बांधावरचं तण काढायचं. हा विषाणू बाराशेहून अधिक जातींच्या वनस्पतींवर राहू शकतो. त्यातल्या कितीतरी तुमच्या बांधावरच असतात.