सॉफ्टवेअरची नोंदवही (भाग ७) : तीन प्रोग्रॅम, साचा एक

गेल्या आठवड्यात लॉगची एक ओळ सुटी करून पाहिली : वेळ, पातळी, प्रोग्रॅमचा भाग आणि मजकूर. या ओळीचा साचा सेटिंगच्या फाइलीत लिहिलेला असतो. प्रोग्रॅम एकच असेल तर विषय इथंच संपला. पण तो एकटा क्वचितच असतो.

ऊसतोड सुरू झाली की आमच्या कुर्डुवाडीच्या आसपास वजनकाट्यांना रात्र नसते. अशाच एका कारखान्यासाठी मी तीन प्रोग्रॅम लिहिले होते. एक काट्याचा, एक बिलाचा, एक शेतकऱ्याला एसएमएस धाडणारा. तिन्हींत लॉगबॅक ही लॉग लिहिणारी लायब्ररी आणि तिन्हींच्या सेटिंग मीच एकीवरून दुसरी डकवलेल्या. एका खेपेवरून वाद झाला तेव्हा लॉग उघडले. काट्यावर ट्रॉली १५:४२ ला, आणि तिचं बिल १०:१४ ला! ऊस वजनाला लागायच्या आधीच बिल? नंतर उमगलं, बिलाच्या फाइलीत वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत होती. साडेपाच तास मिळवले की १५:४४. बिल दोनच मिनिटांनी झालं होतं. बारा लोक मात्र तासभर माझ्या तोंडाकडे बघत होते.

मापं न जुळणं आमच्या गावाला नवं नाही. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे इथून निघाली. स्टेशनाचं नाव तेव्हा बार्शी रोड. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, मोठ्या लाइनीचं त्याहून जास्त, म्हणून माल इथं उतरवून पुन्हा भरावा लागे. मापं जुळली नाहीत की हमाली आलीच. पण छोट्या गाडीच्या घरात शिस्त होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं ठरवलं, की इंजिन असो वा डबा, एका आसावर पाच टनांहून जास्त भार नको. रूळ आणि पूल त्याच हिशेबानं बांधले. डब्यात काय भरायचं ते ज्याचं त्यानं बघावं.

सगळ्यांना लागू नियम एकदाच ठरवायचे, बाकी ज्याचं त्यानं बघायचं : लॉगबॅकमध्ये ही सोय ‘इन्क्लूड’ या टॅगनं होते. वेळेचा साचा, टाइमझोन, जुन्या फाइली किती दिवस ठेवायच्या, हे सगळं एका सामाईक फाइलीत. तिचा सर्वांत बाहेरचा टॅग ‘इन्क्लूडेड’ हवा. सवयीनं ‘कॉन्फिगरेशन’ लिहू नका. प्रत्येक प्रोग्रॅमच्या फाइलीत मग एका ओळीत तिला बोलवायचं. (लॉगफोरजे दोनमध्ये हेच काम एक्सइन्क्लूड करतं. लॉगबॅक आणि लॉगफोरजेची पहिली आवृत्ती यांच्या मुळाशी चेकी ग्युल्जू हाच माणूस.)

लॉग फाइलीचं नाव तेवढं सामाईक फाइलीत पक्कं करू नका. तिन्ही प्रोग्रॅम एकाच फाइलीवर तुटून पडतील. रात्री बाराला एक जण ती बाजूला सारून नवी उघडेल आणि दुसरा जुनीतच लिहीत बसेल. नावाच्या जागी चल ठेवा, आणि त्याची किंमत प्रत्येक प्रोग्रॅमच्या फाइलीत इन्क्लूडच्या वर लिहा. खाली लिहिलीत तर तोवर वेळ गेलेली असते.

आणखी एक. सामाईक फाइल सापडली नाही तर लॉगबॅक कुरकुरतो, पण प्रोग्रॅम अडवत नाही. इन्क्लूडच्या ‘ऑप्शनल’ला ‘ट्रू’ दिलंत तर कुरकुरतही नाही. मी दिलं होतं. नव्या सर्व्हरवर ती फाइल न्यायची राहिली, आणि काटा दिवसभर वजनं करत राहिला. संध्याकाळी लॉगच्या फोल्डरमध्ये काहीच नव्हतं.