हैती : स्वातंत्र्याचे हप्ते

जुलै १८२५ मध्ये फ्रान्सच्या १४ युद्धनौकांचा ताफा हैतीच्या किनाऱ्याशी येऊन उभा राहिला. त्यांवर पाचशेच्या आसपास तोफा होत्या आणि सोबत राजा दहावा चार्ल्स याचे १७ एप्रिलचे फर्मान होते. हैतीने १५ कोटी फ्रँक पाच वार्षिक हप्त्यांत द्यावेत, फ्रेंच मालावर निम्मीच जकात आकारावी; मग फ्रान्स हैतीचे स्वातंत्र्य मान्य करील, असा त्याचा आशय होता. वास्तविक हैती स्वतंत्र होऊन तोवर २१ वर्षे लोटली होती. ही रक्कम मागितली जात होती ती वसाहतीतील मळे गमावलेल्या फ्रेंच मळेवाल्यांसाठी. त्या मळ्यांचे मोल ज्यांच्या घामावर उभे होते, ते गुलाम आणि त्यांची मुलेच आता आपल्या जुन्या धन्यांना भरपाई देणार होती. पश्चिम गोलार्धातील सर्वांत गरीब देश म्हणून आज ज्याची ओळख सांगितली जाते, त्या हैतीच्या दारिद्र्याची कहाणी या फर्मानाशिवाय समजू शकत नाही.

कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला बेटावर १४९२ मध्ये कोलंबसने पाय ठेवला. तेथील मूळचे ताइनो लोक पुढील काही दशकांत रोगराई आणि सक्तीची मजुरी यांनी जवळजवळ नामशेष झाले. बेटाचा पश्चिमेकडील एक तृतीयांश भाग १६९७ मध्ये स्पेनकडून फ्रान्सकडे गेला आणि ‘सँ-दोमँग’ नावाने ती जगातील सर्वांत किफायतशीर वसाहत बनली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात खपणाऱ्या साखरेचा आणि कॉफीचा फार मोठा वाटा एकट्या या वसाहतीतून येत असे. या समृद्धीमागे आफ्रिकेतून धरून आणलेले सुमारे पाच लाख गुलाम होते. उसाच्या मळ्यांवर माणसे इतक्या वेगाने मरत, की जन्मांनी ती तूट भरून निघत नसे. ती नव्या गुलामांच्या खरेदीने भरून काढली जाई.

फ्रेंच राज्यक्रांतीने मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला, पण तो या माणसांना लागू आहे की नाही, याबाबत पॅरिसने मौन पाळले. त्याचे उत्तर ऑगस्ट १७९१ मध्ये गुलामांनीच दिले. उत्तरेकडील मळे पेटले आणि पाहता पाहता उठावाचे क्रांतीत रूपांतर झाले. या लढ्याच्या रेट्यामुळेच १७९४ मध्ये फ्रान्सला आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द करावी लागली. एकेकाळी स्वतः गुलाम असलेला तुसाँ लुव्हेर्त्युर हा वसाहतीचा सर्वाधिकारी झाला. नेपोलियनला मात्र जुनी व्यवस्था परत हवी होती. त्याने १८०१ च्या अखेरीस आपला मेहुणा लक्लेर याच्या हाताखाली मोठे सैन्य पाठवले. तुसाँला कैद करून फ्रान्सला नेण्यात आले आणि एप्रिल १८०३ मध्ये डोंगरावरील एका थंड किल्ल्यात त्याचा अंत झाला. पण त्याचे सहकारी लढत राहिले. पिवळ्या तापानेही फ्रेंच सैन्याची वाताहत केली. नोव्हेंबर १८०३ मध्ये व्हेर्तिएर येथे फ्रेंचांचा निर्णायक पराभव झाला आणि १ जानेवारी १८०४ रोजी सेनापती देसालिनने स्वातंत्र्याची घोषणा केली. देशाला नाव दिले तेही ताइनोंच्या भाषेतील: हैती, म्हणजे डोंगराळ भूमी.

या विजयाला रक्ताचा डागही लागला. देसालिनच्या आदेशाने १८०४ मध्ये मागे राहिलेल्या फ्रेंच गोऱ्यांची सरसकट कत्तल झाली. त्यामुळे हैतीविषयी आधीच असलेली दहशत वाढली. तथापि गुलामांवर जगणाऱ्या देशांचे खरे भय वेगळे होते. हैतीचे उदाहरण आपल्या मळ्यांत पोहोचू नये, ही त्यांची चिंता होती. अमेरिकेने हैतीला मान्यता दिली ती थेट १८६२ मध्ये, म्हणजे तिच्या दक्षिणेकडील गुलामधारक राज्यांनी संघराज्य सोडल्यानंतर. याच एकाकी हैतीने १८१६ मध्ये सिमोन बोलिव्हारला शस्त्रे आणि रसद दिली. बदल्यात मागितले ते दक्षिण अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीचे वचन.

अशा कोंडीत अध्यक्ष बोये यांनी १८२५ चे फर्मान स्वीकारले. पहिलाच हप्ता तीन कोटींचा होता आणि तो देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या कितीतरी पट होता. तो भरण्यासाठी पॅरिसच्याच सावकारांकडून तीन कोटींचे कर्ज काढावे लागले. त्यातील साठ लाख सावकारांनी आधीच कापून घेतले. हैतीच्या पदरात दोन कोटी चाळीस लाख पडले, देणे मात्र तीन कोटींचेच राहिले. भरपाई आणि ती भरण्यासाठी काढलेले कर्ज, असा हा दुहेरी फास होता. १८३८ मध्ये एकूण भरपाई नऊ कोटींवर आणली गेली, पण फास सुटला नाही. जुने कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज निघत राहिले. १८८० मध्ये स्थापन झालेली हैतीची ‘राष्ट्रीय’ बँकही पॅरिसमधील एका बँकेच्या मालकीची होती.

हे पैसे अखेर कोणी भरले? स्वातंत्र्यानंतर पूर्वीच्या गुलामांनी मळ्यांकडे पाठ फिरवून डोंगरात लहान लहान तुकडे कसायला घेतले होते. तेथे पिकणारी कॉफी हे देशाचे मुख्य निर्यातीचे पीक झाले आणि तिच्यावरील करातून हप्ते जाऊ लागले. बोये यांच्या १८२६ च्या ग्रामीण कायद्याने शेतमजुरांना पुन्हा मळ्यांशी बांधण्याचा प्रयत्न केला. जकात गोळा करणारी बंदरातील शहरे, तेथील फ्रेंच बोलणारा सुखवस्तू वर्ग आणि लष्कर एकीकडे. क्रेओल बोलणारा, करापुरता सरकारला माहीत असलेला खेडूत दुसरीकडे, अशी फाळणी झाली. खेड्यातील माणसाला तेथे आजही ‘बाहेरचा’ या अर्थाच्या शब्दाने संबोधले जाते. बहुसंख्यांच्या क्रेओलला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा मिळायला १९८७ ची राज्यघटना यावी लागली.

विसाव्या शतकात सावकार बदलला. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकी नौसैनिकांनी हैतीच्या बँकेतून पाच लाख डॉलरचे सोने उचलून न्यूयॉर्कला नेले आणि पुढच्याच वर्षी देशाचा ताबा घेतला. १९३४ पर्यंत चाललेल्या या अमलात रस्त्यांसाठी खेडुतांना वेठीला धरले गेले. त्याविरुद्ध उठलेला शार्लमान्य पेराल्त १९१९ मध्ये मारला गेला. भरपाईतून उद्भवलेली कर्जे पूर्णपणे फिटली ती १९४७ मध्ये. फर्मानानंतर तब्बल १२२ वर्षांनी.

हैतीच्या प्रत्येक दुःखाचे खापर फ्रान्सवर फोडता येणार नाही, हेही खरे. १९५७ ते १९८६ या काळात दुव्हालिए पितापुत्रांनी खासगी गुंडसेनेच्या बळावर देश लुटला. मात्र शाळा, रस्ते आणि न्यायालये उभारण्याच्या शतकात ज्या देशाचा महसूल परदेशी गेला, तेथे हुकूमशहाला अडवणाऱ्या संस्था उभ्या राहाव्यात तरी कशा, हा प्रश्न उरतोच. लोकांनी निवडून दिलेले अध्यक्ष आरिस्तिद यांनी २००३ मध्ये फ्रान्सकडे २१ अब्जांहून अधिक डॉलरची परतफेड मागितली. फेब्रुवारी २००४ मध्ये, सशस्त्र बंड आणि परकीय दबाव यांच्या कात्रीत त्यांची सत्ता गेली. नंतरच्या हंगामी सरकारने ती मागणी सोडून दिली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०२२ मध्ये जुनी कागदपत्रे तपासून हिशेब मांडला, तेव्हा ही मागणी अवाजवी नव्हती असे दिसून आले. हा पैसा देशातच राहिला असता, तर काळाच्या ओघात त्याचे किमान २१ अब्ज डॉलर झाले असते, असा तो अंदाज होता.

दरम्यान २०१० च्या भूकंपाने राजधानी उद्ध्वस्त केली. २०२१ मध्ये अध्यक्ष जोव्हनेल मोईझ यांची त्यांच्या घरातच हत्या झाली. २०२५ च्या प्रारंभी टोळ्यांच्या हिंसाचारामुळे बेघर झालेल्यांची संख्या दहा लाखांवर गेली होती. त्याच वर्षी १७ एप्रिलला, फर्मानाच्या द्विशताब्दीदिनी, फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन यांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग जाहीर केला आणि त्या काळी हैतीवर अन्याय झाल्याचे मान्य केले. परतफेडीचा शब्द मात्र त्यांनी उच्चारला नाही. १८२५ मध्ये रक्कम आधी ठरली होती, कारणे नंतर शोधली गेली. दोनशे वर्षांनी कारणे मान्य झाली आहेत. रकमेची बाजू अजून कोरीच आहे.