विश्लेषण : सरकारी जंगलात गुपचूप उभारलेले चंडीगडचे रॉक गार्डन पाडले का गेले नाही?

चंडीगड हे आखीव शहर. ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यानुसार सेक्टर, रस्ते, हिरवे पट्टे सारे ठरलेले. त्याच शहरात एका सरकारी कर्मचाऱ्याने परवानगी न घेता भंगारातून अख्खी बाग उभारली. २०२५ च्या सुरुवातीला या रॉक गार्डनच्या भिंतीचा काही भाग पाडण्यात आला आणि नागरिकांनी निषेध केला. ही बाग नेमकी काय आहे?

नेक चंद कोण होते?

नेक चंद सैनी यांचा जन्म १९२४ चा, आज पाकिस्तानात असलेल्या शकरगड भागातला. फाळणीत गाव सुटले. पुढे ते चंडीगडच्या सार्वजनिक बांधकाम विभागात रस्ते निरीक्षक झाले.

साहित्य कुठून आणले?

नव्या शहरासाठी अनेक खेडी उठवली गेली. त्या घरांचा राडारोडा, फुटक्या कपबश्या, बांगड्या, फरश्या नेक चंद जमवू लागले. नदीनाल्यांतले चित्रविचित्र दगडही ते सायकलवरून आणत. आत भंगार लोखंडाचा सांगाडा, त्यावर सिमेंट आणि वरून काचेचे किंवा चिनी मातीचे तुकडे, अशा पद्धतीने माणसे आणि प्राणी घडत गेले. नोकरी सांभाळून हे काम बहुतेक रात्री चाले.

कुणाला कळले कसे नाही?

सुखना तलावाजवळच्या या राखीव जंगलात बांधकामाला बंदी होती. त्यामुळे तिकडे फारसे कोणी फिरकत नसे. ज्या नियमाने ही बाग बेकायदा ठरली, त्याच नियमाने ती वर्षानुवर्षे झाकून ठेवली.

मग कारवाई का झाली नाही?

१९७० च्या दशकाच्या मध्यास प्रकार उघडकीस आला, तेव्हा बाग सुमारे १२ एकरांवर पसरली होती. कागदोपत्री ते अतिक्रमणच. बाग जाणार आणि नोकरीही, अशी स्थिती होती. पण बघायला आलेले लोक बागेच्या बाजूने उभे राहिले. १९७६ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. नेक चंद यांना त्याच कामासाठी पगार आणि ५० मजूर मिळाले. १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. आज बाग सुमारे ४० एकरांची आहे.

धोका टळला का?

नाही. १९९० मध्ये रस्त्यासाठी बुलडोझर आले, तेव्हा नागरिकांनी मानवी साखळी करून ते अडवले. १९९६ मध्ये नेक चंद परदेशात असताना बागेची नासधूस झाली. १२ जून २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. २०२५ मध्ये भिंत पडली ती शेजारच्या उच्च न्यायालयाकडे जाणारा रस्ता रुंद करण्यासाठी आणि वाहनतळासाठी.

यातून काय दिसते?

सुमारे ५ लाख लोकांसाठी आखलेल्या चंडीगडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १० लाखांवर गेली होती. गाड्या वाढल्या की जागा लागणारच. मात्र ही बाग मूळ आराखड्यात कधीच नव्हती. ती वाचली लोकांच्या मायेमुळे. म्हणून प्रत्येक नव्या रस्त्याच्या वेळी तिला नव्याने वाचवावे लागते. खेड्यांच्या राडारोड्यातून उभ्या राहिलेल्या बागेचाच आता राडारोडा होऊ द्यायचा का, हे चंडीगडला ठरवायचे आहे.