जकातीच्या वहीत व्हिडिओ गेम



आजचा विषय ऐकून तुम्हांला थोडे नवल वाटेल. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा या मुलखात आपण हळदीच्या आणि सोयाबीनच्या भावाच्या गोष्टी करायच्या. परदेशातून येणाऱ्या व्हिडिओ गेमच्या सामानावर जकात कशी बसते, याच्याशी आपला संबंध काय? पण संबंध आहे. हातात धरून खेळायचा कंट्रोलर, कानाला लावायचा हेडफोन, मोटारीच्या खेळाचे चाक या वस्तू आता तालुक्याच्या दुकानांतही मिळू लागल्या आहेत. त्यांतल्या पुष्कळशा परदेशी बनावटीच्या. गिऱ्हाईक जी किंमत मोजते, तीत जकातीचा वाटा असतो. शिवाय आपल्याकडचा एखादा होतकरू तरुण म्हणतो, मुंबईच्या व्यापाऱ्याकडून कशाला, मीच माल मागवतो. मग बंदरावर द्यावयाच्या कागदात प्रत्येक वस्तूपुढे आठ आकड्यांचा एक क्रमांक भरावा लागतो. तो चुकला, तर राहिलेली जकात, तिच्यावरचे व्याज आणि प्रसंगी दंड, असा तिहेरी भुर्दंड पडतो. तो क्रमांक कसा ठरतो, एवढेच आज समजावून घेऊ.

जकात आपल्याला नवी नाही. हा भाग निजामाच्या राज्यात होता, तेव्हा राज्याच्या हद्दीवर जकात वसूल करणाऱ्या खात्याला करोडगिरी म्हणत. इंग्रजांशी १८०२ मध्ये झालेल्या व्यापारी तहाने तिचा दर शेकडा पाच ठरला होता. पुढे संस्थान विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि ती करोडगिरी इतिहासात जमा झाली. आता परदेशी मालावरची जकात एकट्या केंद्र सरकारची. तिला सीमाशुल्क म्हणतात. तिची वसुली १९६२ च्या कायद्याने होते आणि तिचे दर १९७५ च्या दरपत्रक कायद्याने ठरतात.

या दरपत्रकाला एक मोठी खतावणी समजा. तिची मांडणी आपल्या देशापुरती नाही. ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटनेने ती सर्व देशांसाठी तयार केली. १ जानेवारी १९८८ पासून ती जगात लागू झाली; आपण मात्र १९८६ पासूनच आपले दरपत्रक तिच्याबरहुकूम मांडले होते. तिच्यात २१ विभाग आणि ९७ प्रकरणे. पहिले प्रकरण जिवंत जनावरांचे, शेवटचे कलाकृतींचे आणि पुराणवस्तूंचे. मध्ये धान्य, तेल, औषधे, कापड, लोखंड, यंत्रे असा जगातला सगळा माल. सत्त्याहत्तरावे प्रकरण पुढे गरज पडली तर असावे म्हणून रिकामे ठेवले आहे.

क्रमांक वाचायचा कसा, ते आपल्या हळदीवरूनच पाहू. वाळलेल्या हळदीचा क्रमांक आहे ०९१०३०२०. पहिले दोन आकडे ०९, म्हणजे चहा, कॉफी आणि मसाले यांचे प्रकरण. पहिले चार मिळून ०९१०, हे आले, केशर, हळद वगैरेंचे शीर्षक. पहिले सहा मिळून ०९१०३०, म्हणजे फक्त हळद. हे सहा आकडे जगात सगळीकडे सारखे. शेवटचे दोन आपल्या देशाने जोडलेले: ओली असेल तर १०, वाळलेली असेल तर २०, पूड असेल तर ३०. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात कांडीची आणि गट्टूची बोली वेगवेगळी होते, दोन्ही एका ढिगात कोणी घालत नाही. माल पाहायचा, त्याची प्रत ठरवायची आणि मग भाव बोलायचा. सीमाशुल्काचीही रीत तीच: आधी वर्ग ठरवायचा, मग दर लावायचा. कमी दर पाहून वर्ग निवडला, तर तो उलटा धंदा झाला.

वर्ग ठरवण्याचे सहा नियम दरपत्रकाच्या आरंभीच दिले आहेत. पहिला सर्वांत महत्त्वाचा. शीर्षकाचे शब्द आणि प्रकरणाला जोडलेल्या टिपा यांवरूनच वर्ग ठरतो. प्रकरणाचे नाव केवळ सोयीसाठी असते. दुसरा नियम सांगतो, की सुटे भाग करून आणलेली वस्तू ही पुरी वस्तूच धरावी. चाके काढून आणली म्हणून बैलगाडीची लाकडे होत नाहीत. तिसरा नियम दोन शीर्षके एकाच वस्तूवर हक्क सांगतात तेव्हाचा. जे शीर्षक अधिक नेमके ते घ्यावे. एका पेटीत अनेक वस्तूंचा संच विकायला ठेवला असेल, तर त्याचे मुख्य स्वरूप कशामुळे आहे ते पाहावे. तरीही उलगडा झाला नाही, तर क्रमाने शेवटी येणारे शीर्षक घ्यावे. चौथा म्हणतो, कुठेच बसत नसेल तर सर्वांत जवळच्या वस्तूशेजारी बसवा. पाचवा पेट्या आणि वेष्टने यांचा: सतारीच्या मापाची पेटी सतारीबरोबर आली, तर सतारीच्याच वर्गात जाते. सहावा सांगतो, की हीच रीत खालच्या पोटशीर्षकांनाही लावावी.

आता आपल्या मालाकडे येऊ. असे समजा, की एका खोक्यात सहा प्रकारचा माल आला आहे: खेळाच्या यंत्राचे कंट्रोलर, मोटारीच्या खेळाचे चाक, संगणकाचा कळफलक, हेडफोन, खेळाच्या तबकड्या आणि चार्जर. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘गेमिंग’ असे छापले आहे. मग सगळे एकाच वर्गात जाईल काय? नाही.

व्हिडिओ गेमचे यंत्र ९५ व्या, म्हणजे खेळणी आणि क्रीडासाहित्य यांच्या प्रकरणात येते. त्याचा क्रमांक ९५०४५०००. त्या प्रकरणाची तिसरी टीप म्हणते, की केवळ किंवा मुख्यत्वेकरून या प्रकरणातील वस्तूंसाठीच बनवलेले भाग व जोडसामान त्या वस्तूंबरोबरच धरावे. म्हणून कंट्रोलर आणि चाक यंत्राच्या मागोमाग ९५०४ मध्ये जातात. जागतिक संघटनेच्या स्पष्टीकरणातही ही दोन्ही नावे उदाहरणादाखल दिली आहेत. त्याच स्पष्टीकरणात पुढे असेही म्हटले आहे, की संगणकाच्या घटकाच्या अटी पुऱ्या करणारा कळफलक किंवा माउस मात्र येथे घेऊ नये. तो ८४७१ या संगणकाच्या शीर्षकात जातो, मग त्याला रंगीत दिवे लावून कोणी खेळाचा कळफलक म्हणो. हेडफोनचे स्वतःचे शीर्षक ८५१८ आहे. तो दूरदर्शन संचाला आणि फोनलाही चालतो. मुद्रित तबकड्या ८५२३ मध्ये जातात, कारण ९५ व्या प्रकरणाच्या पहिल्याच टिपेने त्यांना बाहेर काढले आहे. सुटा आलेला चार्जर ८५०४ मध्ये. आणि उद्या कोणी ‘गेमिंग खुर्ची’ मागवली, तर ती खुर्चीच. तिची जागा ९४ व्या प्रकरणात, फर्निचरमध्ये.

हेच यंत्र, दोन कंट्रोलर, एक तबकडी आणि तारा एकाच विक्रीच्या पेटीत भरून आले असते, तर तिसऱ्या नियमाने सगळा संच यंत्राच्या वर्गात गेला असता. म्हणजे वस्तू त्याच, पण बांधणी बदलली की वर्ग बदलतो.

याने पैशांत किती फरक पडतो? २०१८ च्या अर्थसंकल्पात ९५०४ शीर्षकावरचे मूळ सीमाशुल्क शेकडा १० वरून शेकडा २० करण्यात आले. उलट, १९९६ साली सिंगापूर येथे ठरलेल्या माहिती तंत्रज्ञान कराराप्रमाणे संगणकाच्या कळफलकावर मूळ शुल्क लागत नाही. शेकडा २० या दराने एक लाख रुपयांच्या कंट्रोलरवर वीस हजार रुपये शुल्क होते, आणि तेवढ्याच किमतीच्या कळफलकांवर शून्य. इतर कर त्यावर वेगळे. दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून माल सोडवण्याच्या वेळचा दर पाहावा. पण एवढ्या तफावतीमुळेच कंट्रोलरला कळफलक म्हणण्याचा मोह होतो, हे ध्यानात येईल.

असे वाद मोठमोठ्या कंपन्यांचेही झाले. सोनी कंपनीचे प्लेस्टेशन २ हे यंत्र युरोपात आले, तेव्हा कंपनीचे म्हणणे, हा संगणक आहे. त्याला कळफलक जोडता येतो, आणि आज्ञा लिहिण्याची एक साधी भाषाही आम्ही तबकडीवर दिली आहे. युरोपीय आयोगाने २००१ मध्ये त्याला व्हिडिओ गेमच्या वर्गात बसवले. सप्टेंबर २००३ मध्ये तेथील न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. नियम लावण्यात आयोगाची चूक झाली, असे ठरले. पुढे २०१२ च्या जागतिक आवृत्तीत शीर्षकाची शब्दरचनाच बदलली आणि व्हिडिओ गेमच्या यंत्रांना स्पष्ट नावाने ९५०४५० हे पोटशीर्षक मिळाले. वस्तू आधी येते आणि खतावणीतले तिचे पान मागाहून तयार होते, ते असे.

टिपांत शब्दाचा अर्थ दिलेला नसेल, तर काय करावे? याचे उत्तर आपल्या शेजारच्या अकोल्यातून मिळाले आहे. तो खटला विक्रीकराचा होता. भाजीपाल्याला करमाफी होती; विड्याची पाने विकणारा म्हणाला, पान हीही वनस्पतीच, मग ती भाजी का नव्हे? १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वनस्पतिशास्त्र काय म्हणते ते येथे पाहायचे नाही. बाजारात आणि घरात लोक ज्याला भाजी म्हणतात ती भाजी. आणि खरेच, भाजी आणायला पाठवलेला मुलगा विड्याची पाने घेऊन आला, तर आई त्याला काय म्हणेल? करांच्या खटल्यांत हा लोकव्यवहारातल्या अर्थाचा दंडक पुढे वारंवार वापरला गेला.

आता माल मागवू इच्छिणाऱ्यांना चार शब्द. २०११ पासून वर्ग आणि शुल्क आधी आयातदाराने स्वतः ठरवून लिहायचे असते. अधिकारी ते तपासतो. कमी भरलेल्या शुल्काची नोटीस दोन वर्षांपर्यंत येऊ शकते, आणि माहिती दडवली असेल तर पाच वर्षांपर्यंत. तोवर माल विकून झालेला असतो, नफा संसारात खर्च झालेला असतो. लहान दुकानदाराला हा फटका सोसत नाही. तेव्हा विकणाऱ्याने कळवलेला क्रमांक डोळे मिटून उतरवू नका. वस्तू कोणत्या यंत्राला लागते, ती दुसऱ्या कशाला चालते काय, तिच्या माहितीपत्रकात काय लिहिले आहे, हे पाहा आणि ते कागद जपून ठेवा. मनात शंका असेल, तर माल मागवण्यापूर्वीच अधिकृत निर्णय मागता येतो. त्यासाठी २०२१ पासून मुंबई आणि दिल्ली येथे अग्रिम निर्णय प्राधिकरणे काम करीत आहेत. घरी वापरण्यासाठी टपालाने किंवा विमानाने एखादी वस्तू मागवली, तर तिला ९८०४ हे निराळे शीर्षक लागते. आणि परदेशातल्या भावाने खोक्यावर ‘भेट’ असे लिहिले म्हणून शुल्क माफ होते, या समजुतीवर राहू नका. तशी सवलत डिसेंबर २०१९ मध्ये काढून घेण्यात आली.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. वर्गातल्या दप्तरांतून दहा वस्तू काढून टेबलावर मांडा आणि मुलांना त्यांचे गट करायला सांगा. कंपासपेटी लोखंडाची वस्तू की लेखनसाहित्य? पाण्याची बाटली प्लास्टिकमध्ये की भांड्यांत? मुले भांडतील, तर भांडू द्या. मात्र प्रत्येकाला आपला नियम फळ्यावर लिहायला लावा आणि तोच नियम दहाही वस्तूंना लावून पाहायला सांगा. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा नियम लावला, की अन्याय कसा होतो, ते त्यांना आपोआप कळेल. हळद विकणाऱ्या शेतकऱ्यालाही हेच तर हवे असते, की शेजाऱ्याच्या मालाला जी कसोटी, तीच माझ्या मालाला.