फुटबॉलमधील ‘ऑफसाइड’चा नियम

फुटबॉलच्या सामन्यात पंचाच्या शिट्टीवरून जे वाद माजतात, त्यांतील पुष्कळसे अकराव्या नियमामुळे, म्हणजे ‘ऑफसाइड’मुळे उद्भवतात. नियमाचा हेतू ध्यानी घेतल्यास तो मुळीच दुर्बोध नाही. एखाद्या खेळाडूने प्रतिपक्षाच्या गोलापाशी ठाण मांडावे आणि सोबत्यांनी दुरून त्याच्याकडे चेंडू धाडीत राहावे, असे चालू दिले तर एकमेकांना चेंडू देत पुढे सरकण्याचे कौशल्य लयास जाईल. इंग्लंडात १८६६ साली अशी अट होती की, चेंडूच्या पुढे असलेल्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असावेत. न्यूकॅसलच्या बिल मॅकक्रॅकनसारखे बचावपटू या अटीचा लाभ घेऊन चढाई वारंवार रोखू लागले, म्हणून १९२५ मध्ये तिनाचे दोन करण्यात आले. परिणाम तत्काळ दिसला. तेथील पहिल्या श्रेणीच्या साखळी सामन्यांत आदल्या हंगामात ११९२ गोल झाले होते. पुढच्यात १७०३ झाले.

आजचा नियम असा : खेळाडू प्रतिपक्षाच्या अर्ध्या भागात असून चेंडूच्याही पुढे आणि प्रतिपक्षाच्या शेवटून दुसऱ्या गड्याच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइड स्थितीत होय. हात जमेस धरीत नाहीत. त्या गड्याच्या समरेषेत असणे १९९० पासून निर्दोष मानले जाते. शेवटचा गडी बहुधा गोलरक्षक असतो, पण तो पुढे धावून आला असल्यास इतर दोघे मोजावेत. नुसते त्या स्थितीत असणे हा अपराध नव्हे. खेळात वा प्रतिस्पर्ध्याच्या हालचालीत व्यत्यय आणला, अथवा त्या जागेचा लाभ उठविला, तरच शिट्टी वाजवावी. मग प्रतिपक्षाला अप्रत्यक्ष फ्री किक मिळते. गोल किक, थ्रो-इन व कॉर्नर किक यांवरून थेट आलेल्या चेंडूस हा नियम लागू नाही.

खरी गफलत होते ती क्षणाविषयी. खेळाडूची जागा पाहावयाची ती सोबत्याने चेंडूला पाय लावला त्या क्षणी. चेंडू हाती येतो त्या क्षणी नव्हे, असे म्हणण्याचा मोह होतो, पण येथे तो पायी येतो! लाथ बसताना बचावपटूच्या समरेषेत असलेला मुलगा वाऱ्यासारखा धावून पाच पावले पुढे गेला आणि त्याने गोल केला, तर प्रेक्षक कितीही ओरडोत, तो गोल शुद्ध आहे. उलट, लाथ बसताना पुढे असलेला मुलगा मागे परतून चेंडू घेईल तर तो दोषी ठरतो. वेळ साधून धावलेल्या मुलाचा गोल पंच झालेल्या शिक्षकानेच नाकारला, तर त्याच्या चातुर्यालाच दंड केल्यासारखे होते.

हे फळ्यावर शिकविण्यापेक्षा मैदानावर शिकवावे. चेंडूला लाथ बसताच शिट्टी वाजवावी, सर्वांनी जागच्या जागी थबकावे आणि कोण कोठे आहे याचा निर्णय मुलांकडूनच घ्यावा. तिसरी-चौथीच्या मुलांच्या पाच-सहा जणांच्या खेळात मात्र हा नियम लावूच नये. त्यांना आधी मनसोक्त धावू द्यावे.